कट मारणाऱ्यांपासून जपून

पहिल्याच आठवड्यात कट बसला, म्हणजे गाडीवाला अगदी घासून पुढे गेला, म्हणून सायकल अडगळीत टाकू नका, दादा. सुरुवातीला एवढंच बघा:

- डांबराच्या अगदी कडेला चिकटू नका. दोन-अडीच फूट आत, सरळ रेषेत चालवा. खड्डा चुकवायला मागे न बघता आत वळणं ही नवख्यांची हमखास चूक.
- हॉर्नवर हॉर्न मारणाऱ्याला जाऊ द्या. हातवारे नकोत. आपल्या सोलापुरात सात रस्ता चौकाजवळ मी एकदा वाद घातला, तर पठ्ठ्या पुढे जाऊन गाडी आडवी लावून उभा!
- मागे लाल दिवा, दिवसाही.

उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करूच नका, मागची ट्रॉली हेलकावते. महिनाभर पुणे-हैदराबाद महामार्ग टाळा, पहाटे कंबर तलावाकडे फिरा. गिअरचं नंतर बोलू.