जालन्याची डस्टर, दीड इंच लिफ्ट आणि आपली काळी माती

भाऊ, तुझा प्रश्न दोनदा वाचला. सेकंड हँड रेनॉ डस्टर डिझेल, फ्रंट व्हील ड्राइव्ह म्हणजे ताकद फक्त पुढच्या चाकांना, रोज जालना ते संभाजीनगर अपडाउन, आणि महिन्यातनं एक-दोन रविवार अंतूर किल्ला, गौताळ्याच्या जंगलाच्या आजूबाजूला, नाथसागराच्या म्हणजे जायकवाडी धरणाच्या काठी, नाहीतर अंबडकडं मामाच्या शेतात. बजेट 80 हजार. आणि यादी काय तर दीड इंच लिफ्ट म्हणजे गाडी तेवढी उंच करणं, मड टेरेन म्हणजे चिखलाचे खोल नक्षीचे टायर, स्नॉर्कल म्हणजे इंजिनाची हवा टपापासून घेणारी नळी, पुढं बुलबार म्हणजे बंपरवरचा लोखंडी गार्ड, टपावर एलईडी बार आणि रूफटॉप तंबू. वयानं लहान दिसतोस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नको, पण या यादीतलं जवळजवळ सगळं काटून टाकणारे मी.

पहिल्यांदा एक गोष्ट डोक्यात घे. हे जे मॉडिफिकेशनचे व्हिडिओ आपण बघतो ते कुठं वाळूतले असतात, कुठं लडाखचे, कुठं सह्याद्रीतल्या लाल चिखलातले. आपल्याकडं जमीन दोनच, एक माळ आणि एक काळी. माळावर मुरूम आहे, वर आलेला काळा दगड आहे, पाणी पडलं तरी तासाभरात निचरा होतो, तिथं थोडा क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून उंच, आणि बरे टायर असले की तुझी फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी तुला वाटतं त्याच्या दुप्पट जाते. काळीत पाऊस पडून गेल्यावर काहीच चालत नाही. बेसाल्ट झिजून झालेली ही माती, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते, ती पाणी पिऊन फुगते आणि गोंदासारखी चिकटते. टायरच्या नक्षीत ती एकदा बसली की तुझा पंधरा हजाराचा मड टेरेन आणि गोटा झालेला जुना टायर दोन्ही सारखेच, मग ती व्हील आर्चमध्ये भरत जाते आणि शेवटी चाक फिरायचंच थांबतं. फोर बाय फोरवाले पण फसतात, फक्त ते अजून पन्नास फूट आत जाऊन फसतात, म्हणजे ट्रॅक्टरला अजून पन्नास फूट आत यावं लागतं.

म्हणून जो काय पैसा घालायचा तो माळासाठी घाल. काळीसाठी वापसा बघायला शीक, म्हणजे पावसानंतर जमीन चिकटायची थांबून औत धरण्याजोगी झालीय का ते. तुझ्या मामाला विचार वापसा म्हणजे काय, तो शेतात औत धरायच्या आधी जे बघतो तेच आपल्याला बघायचंय. माझी स्वतःची पद्धत अशी की पांदण रस्ता सुरू झाला की गाडी बंद करून खाली उतरायचं आणि वीस पावलं चालायचं, चप्पल जड झाली की गाडी फिरवायची. बाकी कसली टेस्ट नको.

आता माझीच फजिती सांगतो. दोनेक वर्षांपूर्वी फेब्रुवारीत नाथसागराच्या काठाला पक्षी बघायला गेलो होतो, पैठणच्या वरच्या अंगाला, रोहित पक्षी म्हणजे फ्लेमिंगो आलेत असं कळलं होतं. पाणी मागं हटलेलं, काठाची जमीन पांढरट, कडक, भेगा पडलेली. पायानं दाबून बघितली, दगडासारखी. म्हटलं अजून शंभर मीटर पुढं घेऊ. साठेक मीटर गेलो असेन, पुढचं डावं चाक एकदम खाली बसलं, आवाज पण नाही झाला, नुसतं स्टेअरिंग हलकं पडलं. वरून पापड आणि खाली रबडी. घाबरून ॲक्सिलरेटर दाबला, तिथंच चुकलं, दहा सेकंदात बंपर जमिनीला टेकला. कॅमेऱ्याची लेन्स एवढी मोठी घेऊन आलेला माणूस, पाहिजे ते पक्षी समोर पाण्यात उभे, आणि मी गुडघ्यावर बसून हातानं चिखल उपसतोय.

गाळपेर केलेल्या, म्हणजे पाणी हटल्यावर गाळात पेरलेल्या एका वावरातनं एक काका आले. आधी दोन मिनिटं नुसते बघत उभे राहिले, मग म्हणाले, "कशाला घुसवायलात ओ गाडी इकडं, आमचं जनावर पण इथनं जात न्हाई." पण माणूस दिलदार, ट्रॅक्टर आणला, साखळी आणली. आणि आता खरी चूक ऐक. माझा टो-आय, म्हणजे बंपरमधल्या भोकात फिरवून बसवायची ती लोखंडी कडी, घरी माळ्यावर होती. डिकी साफ करताना टूलकिटसकट काढून ठेवली होती मीच. मग साखळी बांधली खालच्या कंट्रोल आर्मला, म्हणजे चाक गाडीला धरून ठेवणाऱ्या दांड्याला. गाडी निघाली, निघणारच, पण आर्म वाकला, अलाइनमेंट गेली, खालचं प्लास्टिक गार्ड फाटून अर्धं गाळात राहिलं. घरी येईस्तोवर गाडी डावीकडं ओढत होती. एवढीशी कडी जवळ असती तर काकांना चहापाण्याचे पैसे देऊन विषय संपला असता. पैसे घ्यायला पण तयार नव्हते ते, उलट डबा सोडून अर्धी भाकरी मला दिली.

तर आता तुझ्या गाडीकडं येऊ. सेकंड हँड आहे ना, मग 80 मधले पहिले पंधरा-वीस हजार मॉडिफिकेशनला नाहीत, दुरुस्तीला आहेत. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, इंजिन माउंट, ड्राइव्हशाफ्टचे (चाकाला ताकद देणाऱ्या दांड्याचे) रबरी बूट, हे सगळं गाडी गॅरेजच्या लिफ्टवर घेऊन स्वतः खाली उभं राहून बघ. तुझ्या 1.5 डिझेलला टायमिंग बेल्ट आहे, चेन नाही, तो कधी बदलला याचं बिल आधीच्या मालकाकडं नसेल तर बदललाच नाही असं धर. बेल्ट तुटला तर तुझं सगळं बजेट इंजिनात जातं आणि वर उसने घ्यावे लागतात.

लिफ्ट नको. डस्टरला मुळातच 205 मिमी क्लिअरन्स आहे, आपल्या माळाला तेवढा पुरतो. दीड इंचाचे स्पेसर, म्हणजे गाडी उचलायला स्प्रिंगपाशी घालायचे ठोकळे, टाकले की ड्राइव्हशाफ्टचा कोन वाढतो, बूट लवकर फाटतो, एकदा बूट फाटला की आपल्या धुळीत जॉइंट किती दिवस टिकणार ते सांगायला नको. वर अलाइनमेंट कधी नीट बसत नाही आणि रोज हायवेला गाडी जड लागते. तू महिन्यातले पंचवीस दिवस जालना रोडला असतोस आणि दोन दिवस माळावर, हे विसरू नको. मागच्या स्प्रिंगा बसल्या असतील, जुन्या गाडीत बसतातच, तर त्या नव्या ओरिजिनल टाक आणि शॉकअप चांगले टाक, निम्मी लिफ्ट तिथंच परत मिळते.

टायरवर मात्र हात आखडू नको. मड टेरेन नाही, ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारे. मड टेरेन हायवेला भणभणतो, पावसात डांबरावर ब्रेकिंग कमी, मायलेज खातो, आणि ज्या चिखलासाठी घेतोयस त्यात तो उपयोगाचा नाही हे वर सांगितलंच. ऑल टेरेनचा खरा फायदा म्हणजे साइडवॉल. आपला काळा दगड धारदार असतो, टायर फाटतो तो खालून नाही, बाजूनं फाटतो, आणि बाजूच्या कटला पंक्चर काढता येत नाही. तुझा साइझ 215/65 आर16. काहीजण 215/70 टाक म्हणतील. हिशोब करून बघ, टायरचा व्यास 686 मिमी वरून 707 होतो, म्हणजे क्लिअरन्स वाढतो फक्त एक सेंटिमीटरच्या आसपास, आणि स्पीडोमीटर 100 दाखवतो तेव्हा तू खरा 103 नं चाललेला असतोस, वर चार माणसं बसवून पूर्ण वळवला तर आत घासतो का ते वेगळं बघावं लागतं. मी स्टॉक साइझच घेईन, लोड इंडेक्स 98 च्या खाली नको, म्हणजे टायरमागं 750 किलो. आणि बिल पाच टायरचं धर. चार भारी टायर आणि डिकीत जुना गुळगुळीत स्टेपनी, ही आपल्या लोकांची आवडती काटकसर.

हवेचं कुणी बोलत नाही, पण फुकटातलं सगळ्यात भारी मॉडिफिकेशन तेच. रोजची 33 पीएसआय माळावर 25 ला आण, गाडी एकदम वेगळी वाटते, दगडावर उड्या मारत नाही, चढावर चाक घसरत नाही. परत डांबरावर यायच्या आधी भरायची, कमी हवेत हायवेला 90 नं गेलास तर टायर तापून फुटतो, विशेषतः उन्हाळ्यात. त्यासाठी बारा व्होल्टचा कंप्रेसर घे, थेट बॅटरीला क्लिपा लावायचा, लायटरच्या सॉकेटवाला नको, तो फ्यूज उडवतो. माझा चार चाकांना वीसेक मिनिटं घेतो, तेवढ्यात चहा होतो. सोबत ट्यूबलेसचं पंक्चर किट, कारण बाभळीचा काटा. माळावरनं आल्यावर चारही टायरवर हात फिरवायची सवय लाव. काटा दिसला तर लगेच उपटू नको, आधी किट काढ आणि मग उपट, नाहीतर तिथंच बसशील.

दुसरा खर्च म्हणजे खालचं गार्ड. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या खाली कंपनीचं जे असेल त्याची अवस्था बघ, आणि गरज वाटली तर प्लेट बनवून घे. संभाजीनगरात वाळूज, चिकलठाण्याला फॅब्रिकेशनवाले ढिगानं आहेत, जालन्यात तर लोखंडाला तोटाच नाही. फक्त 10 एमएमची प्लेट मारून घेऊ नको, रणगाडा नाही करायचा. 80 बाय 60 सेंटिमीटरची 3 एमएमची लोखंडी प्लेट सव्वाअकरा किलोच्या आसपास भरते, तीच 5 एमएम ॲल्युमिनियमची साडेसहा किलो. माझ्याकडं ॲल्युमिनियम आहे, महाग पडली पण पुढचा शॉकअप तरी वाचतो. ऑइल ड्रेनच्या जागी भोक ठेवायला सांग आणि माती पडायला चार-पाच फटी, नाहीतर प्लेटवर पावसाळाभर पाच किलो काळी घेऊन फिरशील. दिवाळीनंतर अजून एक बघायचं, कुसळी गवत. वाळलेलं गवत प्लेटच्या वर अडकतं आणि तिथंच सायलेन्सरचा पाइप जातो, तापलेला असतो. गवतातनं आलं की पाच मिनिटं थांबून खाली वाकून बघायचं, वास आला तर आधी गवत काढायचं. रेडिएटरच्या जाळीत पण कुसळं बसतात, मग मे महिन्यात टेंपरेचर का चढतंय म्हणून लोक थर्मोस्टॅट बदलत बसतात. एअर फिल्टर मी सर्व्हिसची वाट न बघता मधेच काढून बघतो, आपल्या धुळीत तो पुस्तकात लिहिलंय तेवढा टिकत नाही.

उरलेली यादी पटकन. स्नॉर्कल कशाला? फरशी पुलावरनं पाणी वाहत असेल तर स्नॉर्कल असो नसो, जायचं नाही, इंजिनात पाणी जायच्या आधी गाडीच वाहून जाते. आणि कधी पाण्यात बंद पडलीच तर परत सेल मारू नको, कनेक्टिंग रॉड वाकतो, ओढून बाहेर काढ. बुलबारवर केंद्राच्या परिवहन खात्यानं डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलंय, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 लागतं, दर बदलामागं पाच हजार दंड होऊ शकतो. दंड सोड, धडक झाली तर एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज चुकतो, ते जास्त वाईट. एलईडी बार हायवेला लावून समोरच्याला आंधळं करणाऱ्यांना मी मनातल्या मनात जे बोलतो ते इथं लिहीत नाही. रात्री आपल्या रस्त्यावर खरा धोका रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीचा. त्यासाठी हेडलाइटची पिवळी पडलेली काच पॉलिश करून घे, ॲडजस्टमेंट करून घे, बल्ब आहे त्याच वॉटचा ठेव.

रूफटॉप तंबू तर राहूच दे. पन्नास-साठ किलो वजन कायम टपावर, वळणावर गाडी झुकते, मायलेज जातं, आणि मे महिन्यात त्यात झोपून दाखव मला. मामाच्या शेतात बाज टाकून झोप की. वीस लिटरचा पाण्याचा जार मात्र न्यायचा, पण बांधून, सुटा जार ब्रेक मारल्यावर पुढच्या सीटवर येतो.

पैसे उरले तर एक चांगला टो-स्ट्रॅप आणि दोन डी-शॅकल (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या) घे, हुक शिवलेला स्वस्तातला पट्टा घेऊ नको, हुक तुटला की गोळीसारखा येतो. ओढताना सरळ रेषेत ओढायचं, झटका मारायचा नाही, आणि मधे कुणी उभं राहायचं नाही, ट्रॅक्टरवाल्याला पण हे आधीच सांगायचं कारण त्यांना झटका मारायची फार हौस. फसलेल्या चाकाखाली घालायचे रिकव्हरी बोर्ड महाग वाटत असतील तर दोन गोणपाटं ठेव डिकीत. काठावर फसलं तर चाकापुढची माती उकरून गोणपाट नाहीतर पऱ्हाट्या-तुराट्या दाबून घालायच्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू क्लच सोडायचा. ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाक घसरू न देणारी यंत्रणा, बंद करायचं बटण असेल तर अशा वेळी बंद कर, नाहीतर ते इंजिनची ताकदच कापत बसतं. फावडं मी कायम ठेवतो, छोटं नाही, शेतातलं.

अजून एक, गौताळा अभयारण्य आहे, तिथं रस्ता सोडून चाक घालायचं नाही. आणि कुणाच्या वावरातनं जायचं असेल तर विचारून, बांध न तुडवता, वाटेतली काट्याची झाप उघडलीस तर परत लावून. आपण एकदा नासाडी करून येतो, पुढच्या गाडीला शिव्या बसतात.

टायर घ्यायच्या आधी सध्याच्या चारही टायरचे फोटो टाक, आतल्या बाजूनं जास्त झिजले असतील तर आधी आर्मचं काम निघणार आणि मग हिशोब बदलेल. आणि आज संध्याकाळी घरी गेलास की डिकीतलं कार्पेट उचलून टो-आय आहे का बघ, सेकंड हँड गाडीत तो बऱ्याचदा नसतोच. असला तर एकदा बंपरमध्ये बसवून बघ, काही गाड्यांत उलटे आटे असतात, चिखलात बसून ते शोधायची वेळ येऊ देऊ नको.