दहा हजारांत एक भागाचा फरक

प्रश्न : सर, मी वेंगुर्ल्याला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेमिनारसाठी ‘संयुग्मी पॉलिमरवर विद्युतक्षेत्राचा परिणाम’ हा विषय घेतलाय. व्होल्टेज दिलं की पॉलिमरचं प्रकाश शोषणं बदलतं, पण फिल्ममधून पार होणाऱ्या प्रकाशात फरक पडतो तो जेमतेम दहा हजारांत एक भाग. एवढ्याशा फरकाचा उपयोग काय? आणि व्होल्टेज एका वारंवारितेचं देऊन मोजणी तिच्या दुपटीवर का करतात?

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो, म्हणजे पहिला सोपा जाईल.

या पॉलिमरच्या साखळीत एकेरी आणि दुहेरी बंध आलटून-पालटून असतात, त्यामुळे काही इलेक्ट्रॉन साखळीभर पसरलेले असतात. प्रकाश शोषला की इलेक्ट्रॉन वर जातो आणि मागे धन प्रभाराची पोकळी उरते. सिलिकॉनमध्ये ही दोघं खोलीच्या तापमानालाच सुटी होतात. पॉलिमरचा परावैद्युत स्थिरांक (प्रभारांमधलं आकर्षण पदार्थ किती झाकतो, त्याचं माप) मात्र ३च्या आसपास, सिलिकॉनचा जवळपास १२. म्हणून पॉलिमरमध्ये आकर्षण फारसं झाकलं जात नाही आणि जोडी बांधलेलीच राहते. हाच एक्सायटॉन.

आता क्षेत्र लाव. १०० नॅनोमीटरच्या फिल्मवर नुसते १० व्होल्ट दिले तरी सेंटिमीटरला १० लाख व्होल्ट होतात. हवेत ३० हजारांच्या आसपासच ठिणगी पडते, यावरून अंदाज येईल. एवढ्या क्षेत्रात इलेक्ट्रॉन एका बाजूला आणि पोकळी दुसऱ्या बाजूला ताणली जाते. उत्तेजित अवस्था मूळ अवस्थेपेक्षा जास्त ताणली जाते, म्हणून तिची ऊर्जा जास्त उतरते आणि शोषणाचा पट्टा किंचित लाल बाजूला, म्हणजे कमी ऊर्जेकडे, सरकतो. योहानेस श्टार्क यांनी १९१३ साली हायड्रोजनच्या प्रकाशात क्षेत्राचा जो परिणाम पाहिला, त्याच घराण्यातला हा परिणाम आहे.

साखळी दोन्ही बाजूंनी सारखी असेल, तर क्षेत्र उलटं केलं तरी पट्टा तेवढाच आणि त्याच बाजूला सरकतो. सरकणं क्षेत्राच्या वर्गावर ठरतं. पडवीतला झोपाळा एका हेलकाव्यात दोनदा उंचावर जातो ना, तसं व्होल्टेजच्या एका फेरीत शोषण दोनदा बदलतं. म्हणून दुप्पट वारंवारिता. यात एक मोठी सोयही आहे. तारांतून शिरणारा आगंतुक सिग्नल बहुतेक मूळ वारंवारितेवरच येतो, आणि लॉक-इन अँप्लिफायर, म्हणजे ठरवलेल्या एकाच वारंवारितेचा सिग्नल निवडणारं उपकरण, दुप्पट वारंवारितेवरचा तेवढाच वेगळा काढतो. माझी नोकरी रत्नागिरीत भौतिकशास्त्र शिकवण्यात गेली. खाऱ्या हवेने पितळी टर्मिनलांवर हिरवट थर चढतो, तो घासून काढल्याशिवाय आम्ही साधं रीडिंगही घेत नसू. सूक्ष्म मोजणीत अशा जोडण्यांकडे आधी बघायचं.

आता उपयोग, आणि हा भाग माझ्या विशेष आवडीचा. पॉलिमरच्या एलईडीत एका बाजूला आयटीओचा (इंडियम-टिन ऑक्साइड) पारदर्शक, वीजवाहक थर दिलेली काच असते, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियमसारखा धातू. दोघांची कार्यफलनं (वर्क फंक्शन, म्हणजे पदार्थातून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) वेगळी, त्यामुळे बाहेरून काही न जोडताही आत एक क्षेत्र तयार होतं. व्होल्टमीटर लावलास तर तो शून्य दाखवेल, कारण समतोलात त्याला दिसण्यासारखं काही उरत नाही. प्रकाशाला मात्र ते दिसतं. आतलं स्थिर क्षेत्र आणि तू दिलेलं आंदोलित क्षेत्र यांच्या बेरजेचा वर्ग करून बघ : दोघांच्या गुणाकाराचं पद मूळ वारंवारितेवर येतं. बाहेरून स्थिर व्होल्टेज हळूहळू वाढवत नेलं की एका ठिकाणी हे पद नाहीसं होतं. तेच त्या डायोडचं अंतर्गत व्होल्टेज. डायोड न उघडता त्याच्या पोटातलं क्षेत्र मोजता येतं, आणि तेही त्या दहा हजारांतल्या एका भागावरून!

दुसरा उपयोग आलेखाच्या आकारात आहे. बांधलेल्या एक्सायटॉनचा सिग्नल शोषणाच्या पहिल्या अवकलजासारखा (डेरिव्हेटिव्हसारखा) दिसतो. उत्तेजित अवस्थेत प्रभार दूर गेलेले असतील आणि साखळ्या वेड्यावाकड्या दिशांना असतील, तर तो दुसऱ्या अवकलजाकडे झुकतो. सौर घटासाठी पॉलिमर निवडणाऱ्याला हे कळणं फार मोलाचं, कारण जोडी सुटली तरच वीज मिळणार.

तुमच्या कॉलेजात लॉक-इन नसेल तरी अडणार नाही. एखाद्या पॉलिमरचा शोषण-आलेख ऊर्जेच्या अक्षावर स्प्रेडशीटमध्ये उतरव. तो इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या हजाराव्या भागाने लाल बाजूला सरकव आणि त्यातून मूळ आलेख वजा कर. शिखराच्या लाल बाजूला वर, निळ्या बाजूला खाली, आणि शिखरावर जवळपास शून्य असं वळण मिळेल. मग सरकवण्याऐवजी शिखर थोडं पसरट कर आणि तसंच वजा कर : मधे खड्डा, दोन्हीकडे उंचवटे. सेमिनारला हे दोन्ही आलेख एकाखाली एक छापून ने, आणि परीक्षकांनी विचारायच्या आधीच दोन्हींतला फरक सांग.