वाचकांचे प्रश्न : ‘आप जैसा कोई’मधला आवाज एकीचा की दोघींचा?

गेल्या अंकात ऐंशीच्या दशकातील चित्रपटगीतांवर लिहिताना ‘कुर्बानी’मधील ‘आप जैसा कोई’ या डिस्को गाण्याचा जाता जाता एका ओळीत उल्लेख केला होता. त्या एका ओळीने बीडपासून किनवटपर्यंतच्या वाचकांना पत्रे लिहायला लावली. त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे, कारण बाकीच्यांचे प्रश्नही याच सहांमध्ये येऊन जातात.

प्रश्न : या गाण्यावरून आमच्या घरात चाळीस वर्षांपासून वाद आहे. यजमानांच्या मते त्यात दोन मुली एकत्र गातात आणि माझ्या मते एकच. कोण बरोबर?
(एक सेवानिवृत्त शिक्षिका, परभणी)

उत्तर : गळा एकच आहे, म्हणून वाद आपण जिंकलात, पण यजमानांचा कानही खोटा नाही. नाझिया हसन या मुलीचा आवाज या गाण्यात एकावर एक असा दुहेरी बसवलेला आहे. गायिकेने एकदा गायचे आणि ते टेपच्या एका पट्टीवर मुद्रित करायचे. मग हेडफोनवर स्वतःचेच गाणे ऐकत तिने तीच ओळ पुन्हा गायची आणि ती शेजारच्या पट्टीवर घ्यायची, अशी ही रीत आहे. कोणताही माणूस तीच ओळ दोनदा तंतोतंत सारखी गाऊ शकत नाही. कुठे एखादे अक्षर केसभर आधी सुटते, कुठे सूर किंचित वर राहतो, आणि हा बारीकसा फरकच कानाला आवाजाच्या जाडीसारखा किंवा झिलईसारखा जाणवतो. गाण्याचे मुद्रण लंडनमध्ये चोवीस ट्रॅकच्या यंत्रावर झाल्यामुळे हे सहज जमले. हिंदी चित्रपटसंगीताला ही युक्ती अगदीच नवी होती असे मात्र नाही, कारण राहुलदेव बर्मन यांनी 1967 च्या ‘बहारों के सपने’मध्ये लता मंगेशकरांच्या आवाजावर त्यांचाच आवाज चढवला होता.

आपल्या वादावरून एक जुनी गोष्ट आठवली. मी शाळेत असताना आमच्या गल्लीच्या गणेश मंडळाने ऑर्केस्ट्रा आणला होता. कुंभाराकडून आणलेल्या मडक्यावर फुटक्या आरशाचे तुकडे चिकटवून ते दोरीला टांगले होते, आणि टेबलफॅनच्या जाळीला लाल-हिरवा जिलेटीन कागद लावून त्यामागे दोनशेचा बल्ब ठेवला होता. एवढ्या सामग्रीवर आमच्या चौकात डिस्को उतरला. ऑर्केस्ट्राच्या मालकाला या गाण्याचा तो दुहेरी आवाज हवा होता, पण त्याच्याजवळचे एको यंत्र नुसतेच विहिरीत ओरडल्यासारखे घुमायचे. शेवटी त्याने दोन सख्ख्या बहिणींना एकाच माइकसमोर गालाला गाल लावून उभे केले. आवाज बऱ्यापैकी जमला. आपल्या यजमानांनी कदाचित असाच एखादा कार्यक्रम पाहिला असावा.

प्रश्न : माझ्याजवळच्या रेकॉर्डवर ‘कुर्बानी’चे संगीतकार म्हणून कल्याणजी-आनंदजी यांचे नाव आहे, पण हे गाणे बिद्दू नावाच्या गृहस्थांचे असल्याचे सांगतात. हे गृहस्थ कोण, आणि हे गाणे त्यांच्याकडे गेले कसे?
(जुन्या तबकड्यांचे एक संग्राहक, जालना)

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. चित्रपटाचे संगीत कल्याणजी-आनंदजींचे आणि हे एकच गाणे बिद्दूंचे आहे. शब्द इंदीवर यांचे. निर्माते, दिग्दर्शक आणि नायक असलेल्या फिरोज खान यांनी याआधी ‘अपराध’ आणि ‘धर्मात्मा’ या चित्रपटांचे संगीत कल्याणजी-आनंदजींकडूनच करून घेतले होते. ठरलेल्या संगीतकारांच्या चित्रपटात बाहेरच्या माणसाचे एक गाणे घालणे तेव्हाच्या मुंबईत नाजूक प्रकरण होते, तरी फिरोज खान यांनी तो हट्ट पुरा केला.

बिद्दू अप्पय्या यांचा जन्म 1945 सालचा, बंगळूरचा. तिथे मित्रांबरोबर बँडमध्ये गाणारा हा तरुण साठच्या दशकात इंग्लंडला गेला आणि मिळेल ते काम करत तिथल्या संगीत व्यवसायात शिरला. 1974 मध्ये त्यांनी कार्ल डग्लस या गायकाचे ‘कुंग फू फायटिंग’ हे गाणे तयार केले. तबकडीच्या मागच्या बाजूसाठी काहीतरी हवे म्हणून उरल्यासुरल्या वेळात उरकलेले हे गाणे ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर गेले. म्हणजे फिरोज खान लंडनमध्ये बिद्दूंकडे गेले, तेव्हा ते डिस्कोच्या मूळ बाजारात नाव कमावलेल्या माणसाकडे गेले होते.

नाझियाची भेट मात्र योगायोगाची. कराची आणि लंडन या दोन शहरांत वाढलेली ही शाळकरी मुलगी फिरोज खान यांना लंडनमधील एका समारंभात भेटली, आणि त्यांनी तिला आवाजाच्या चाचणीसाठी बिद्दूंकडे पाठवले. तिचा जन्म 3 एप्रिल 1965 चा आहे आणि चित्रपट जून 1980 मध्ये लागला, त्यावरून तिच्या वयाचा हिशेब आपणच करावा. त्या वेळी पन्नाशी ओलांडलेल्या लताबाई विशीतल्या नायिकांसाठी गात होत्या. येथे अठ्ठावीस वर्षांच्या झीनत अमान यांना पंधरा वर्षांच्या मुलीचा आवाज मिळाला. या उलट्या मापाचे तेव्हा कोणालाही वावगे वाटले नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. न्यूयॉर्कच्या क्लबांत सत्तरच्या दशकात वाढलेला डिस्को 1977 च्या ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ने जगभर नेला, पण अमेरिकेत त्याचा कंटाळाही तितक्याच झपाट्याने आला. 12 जुलै 1979 रोजी शिकागोच्या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवून देण्याचा कार्यक्रम झाला आणि त्यातून दंगल उसळली. जिथला माल तिथे जाळला गेला, आणि वर्ष उलटण्याच्या आत तोच माल आपल्याकडे नव्या नवलाईने दारात उभा राहिला.

प्रश्न : ‘बात बन जाये’ की ‘बाप बन जाये’? वसतिगृहात पैज लागली आहे.
(एक विद्यार्थी, लातूर)

उत्तर : ‘बात’. दुसरा पाठ आपल्या वडिलांच्या वेळच्या वसतिगृहांतही प्रचलित होता, त्यामुळे तो आपला शोध समजू नये. ‘बात बनना’ म्हणजे आपल्या बोलीत ‘जमून जाणे’. दखनी कानावर पडत असल्याने मराठवाड्यात हा वाक्प्रचार कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मोंढ्यात सौदा पटला तरी ‘बात बन गई’ म्हणणारे अडते आपल्याकडे आहेत. प्रेमाच्या गाण्यात इतका व्यवहारी शब्द मुखड्याला घेणे ही इंदीवरांची खुबी आहे, आणि हिंदी जेमतेम समजणाऱ्यालाही ही ओळ पहिल्याच ऐकण्यात पाठ होण्याचे कारणही तेच असावे.

प्रश्न : आमच्याकडे हे गाणे आधी आले आणि चित्रपट कितीतरी महिन्यांनी. असे का होत असे?
(एक वाचक, नांदेड)

उत्तर : तेव्हा चित्रपटाच्या प्रती मोजक्या निघत आणि त्या मोठ्या शहरांत झिजल्यावर तालुक्याकडे वळत, हे पहिले कारण. दुसरे कारण खास आपले आहे. चित्रपट वितरणाच्या धंद्यात मराठवाडा मुंबई विभागात येत नाही. तो ‘निझाम’ विभागात मोडतो. हैदराबाद संस्थान 1948 मध्ये विलीन झाले आणि 1960 मध्ये आपण महाराष्ट्रात आलो, पण वितरकांच्या वहीत जुन्या संस्थानाची हद्द कायम राहिली. गाण्याला असली हद्द नव्हती. रेडिओवरून ते थेट येई आणि टेपरेकॉर्डर घरोघरी येऊ लागल्यावर एका कॅसेटवरून दुसरी भरून घेता येई. माझ्या ऐकण्यातली पहिली कॅसेट अशी चौथ्या-पाचव्या हाताची होती आणि तिच्यात नाझियाच्या गाण्यामागे कोणाच्या तरी घरातील कुकरची शिटीही मुद्रित झालेली होती. आजही मूळ गाणे ऐकताना त्या जागी ती शिटी न आल्याने मी चपापतो.

प्रश्न : या गाण्यामुळे पुढे नक्की काय बदलले? महाविद्यालयातील प्रकल्पासाठी मुद्देसूद माहिती हवी आहे.
(एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : मुद्दे आपण पाडावेत; मी माझे मत सांगतो. हिंदीत डिस्को या एका गाण्याने आणला असे म्हणणे फार होईल. त्याच वर्षीच्या ‘कर्ज’मध्ये लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनीही त्या वळणाची गाणी दिली, आणि 1982 च्या ‘डिस्को डान्सर’ने मिथुन चक्रवर्ती आणि बप्पी लाहिरी यांना सोव्हिएत रशियापर्यंत पोहोचवले. खुद्द ‘कुर्बानी’तले ‘लैला ओ लैला’ही क्लबचेच गाणे होते. ते गाणाऱ्या कांचन आणि त्यांचे पती बाबला, म्हणजे कल्याणजी-आनंदजींचे धाकटे बंधू, यांनी पुढे डिस्को दांडियाच्या तबकड्या काढल्या, आणि नवरात्रात आपल्याकडच्या तालुक्यांतही जो गरबा घुमतो त्याची नाळ तिथे जुळते.

मग या गाण्याने वेगळे काय केले? माझ्या मते दोन गोष्टी. पार्श्वगायिकेचा गळा कमावलेला असावा आणि त्यात मुरकी, हरकत, ठहराव असावा, हा नियम त्याने बाजूला सारला. नाझियाचा आवाज किंचित नाकातला आहे, सूर सरळ लावलेला आहे आणि कुठेही कसरत नाही. तरी 1981 मध्ये फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा पुरस्कार तिलाच मिळाला. तो मिळवणारी ती पहिली पाकिस्तानी कलाकार. दुसरी गोष्ट धंद्याची आहे. या यशानंतर बिद्दूंनी नाझिया आणि तिचा भाऊ झोहेब यांना घेऊन 1981 मध्ये ‘डिस्को दीवाने’ ही गाण्यांची स्वतंत्र तबकडी काढली. तिला चित्रपटाचा, नायक-नायिकेचा, कथेचा कसलाच टेकू नव्हता, आणि तरीही ती तडाखेबंद खपली. गझल आणि भजने यांपलीकडे बिगरफिल्मी हिंदी गाणे विकले जाऊ शकते, हे कंपन्यांना त्यामुळे उमगले. बिद्दूंनीच 1995 मध्ये अलीशा चिनॉय यांच्याकडून ‘मेड इन इंडिया’ गाऊन घेतले, तेव्हा तो त्याच वाटेवरचा पुढचा मुक्काम होता.

नाझियाचे आयुष्य मात्र अल्प ठरले. फुप्फुसाच्या कर्करोगाने 13 ऑगस्ट 2000 रोजी लंडनमध्ये ती गेली, तेव्हा ती अवघी पस्तीस वर्षांची होती.

नव्या आवृत्त्यांविषयीही आपण विचारले आहे. 2012 च्या ‘स्टुडंट ऑफ द इयर’मध्ये ‘डिस्को दीवाने’ नव्याने आले आणि 2022 च्या ‘ॲन ॲक्शन हीरो’मध्ये ‘आप जैसा कोई’. दोन्ही ऐकून पाहावीत आणि मग मूळ गाण्याकडे यावे. मूळ गाण्यात वाद्ये मोजकी आहेत आणि त्यांच्यात मोकळी जागा सोडलेली आहे, जिच्यातून त्या मुलीचा आवाज वाट काढत येतो. नव्यांना ही मोकळी जागा पाहवत नाही. दिसली की ते तिथे एक ढोल ठेवतात.

प्रश्न : आमची बँड पार्टी आहे. वरातीत या गाण्याची फर्माईश अजून येते, पण वाजवल्यावर ते आमच्याच कानाला बेंगरूळ वाटते. काय चुकत असेल?
(एक बँडमास्तर, अंबाजोगाई)

उत्तर : न ऐकता निदान करणे धाडसाचे आहे, तरी अंदाज सांगतो. आपली मंडळी सवयीने या गाण्याला केरव्याची लचक देत असणार. डिस्कोत लचक नसते. चारही मात्रांवर ढोलाचा ठोका सारख्याच वजनाने पडतो आणि चालीचा सगळा डौल बास गिटारकडे असतो. आपल्याकडे बास गिटार नसली तरी युफोनियम असेलच. त्याला मुखडा वाजवू न देता नुसती खालची फिरती सुरावट द्यावी आणि ती अखेरपर्यंत सोडू देऊ नये. ट्रम्पेटला फक्त दोन ओळींमधल्या जागा द्याव्यात.

मुखडा क्लॅरोनेटवर घ्यावा आणि तोही दोघांनी मिळून. लंडनमध्ये चोवीस ट्रॅकच्या यंत्राने जे केले ते आपल्या दोन क्लॅरोनेटवाल्यांना फुकटात जमते, कारण एकच ओळ एकत्र वाजवताना ते कधीही तंतोतंत जुळत नाहीत. तालमीत आपण त्यांना यासाठी रागावत असाल, तर या गाण्यापुरते रागावू नये. राहिला ताशेवाला. तो हात आवरणार नाही हे आपणही जाणता, तेव्हा गाणे सुरू होण्याआधी त्याला चहाला पाठवावे.