मुलाच्या दुधाच्या दाढेचं रूट कॅनॉल होऊन तीन दिवस झाले, तरी दुखतंय म्हणतो. हे नॉर्मल आहे, की दाढ काढूनच टाकायला हवी होती?

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसले. हेच वाक्य मी सहा वर्षांपूर्वी रात्री अडीच वाजता ऐकलंय, रडणारं पोर मांडीवर असताना. तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं.

मी दंतवैद्य नाही. माझा मुलगा तेव्हा साडेपाच वर्षांचा होता. खालची डावीकडची शेवटची दाढ किडली होती, रात्री ठणकायला लागली म्हणून रूट कॅनॉल केलं. नस काढली, औषध भरलं, वर तात्पुरतं सिमेंट लावलं आणि कॅप आठवड्याने बसवू म्हणाले. दोन-तीन दिवस थोडं दुखेल हेही सांगितलं होतं. पहिली रात्र रडण्यात गेली, त्याचं मला काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी बरा होता. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की हा फक्त उजव्या बाजूने चावतोय आणि झोपेतही तोंड पूर्ण मिटत नाहीये. दवाखान्यात फोन केला, तर फोन उचलणाऱ्या बाईंनी पुढचं काही न विचारता सांगितलं, "दुखतंच थोडं, औषध द्या."

चौथ्या दिवशी दात घासताना तो म्हणाला, "आई, ही दाढ आधी लागते."

सगळं उत्तर त्या चार शब्दांत होतं आणि मी ते ऐकून सोडून दिलं. वर म्हणाले, "पुरे झालं आता नाटक." असं का म्हणाले तेही सांगते. नणंदबाई तेव्हा आमच्याकडे राहायला होत्या आणि दोन दिवस माझ्या कानावर येत होतं की पोराला लाडावून ठेवलंय. त्यांच्यादेखत मला कडक आई दिसायचं होतं. त्या रात्री तो उठून रडायला लागला, तेव्हा त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "दुधाचाच दात ना? पडणारच होता. काढला असता तर दोन मिनिटांत मिटलं असतं. एवढ्याशा जिवाला कशाला छळलंत?" माझा नवरा गप्प बसला. मीही गप्प बसले, कारण तेव्हा मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

सकाळी वेळ न घेताच दवाखाना गाठला. डॉक्टरांनी मला बाजूला बसवलं आणि त्यालाच विचारलं, कुठे लागतं, कधी लागतं. त्याने बोट ठेवलं आणि म्हणाला, तोंड मिटलं की. त्यांनी दातांमध्ये निळा कागद धरून त्याला दात आपटायला लावले. त्या सिमेंटवर एकाच जागी गडद निळा ठिपका उठला. तेवढं घासलं, पुन्हा कागद धरला, पुन्हा घासलं. पाच मिनिटंही लागली नसतील. तो म्हणाला, "आता सगळे एकदम लागतात." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो दोन्ही बाजूंनी जेवला.

नस काढली तर दुखतं कसं, हा प्रश्न मलाही पडला होता. नस दाताच्या आत असते, पण मुळाभोवती दाताला हाडाशी धरून ठेवणारे तंतू असतात, ते जिवंतच राहतात. आत सफाई झाली की मुळाच्या टोकाशी ते दुखावलेले असतात. त्यात भराव केसभर जरी उंच राहिला, तरी प्रत्येक वेळी तोंड मिटताना सगळा मार त्याच दाढेवर बसतो. आणि उंची तपासतात कधी? तोंड बधिर असताना! त्या वेळी मूल काय सांगणार? बधिरपणा उतरल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, फोनवर पालकांना एवढं तरी विचारायला हवं की चावताना दुखतं की आपोआप. आम्हाला कुणी विचारलं नाही, आणि याबद्दल माझा राग अजून गेलेला नाही.

तेव्हा आधी त्याला नीट विचारा. नुसतं "दुखतंय का" विचारू नका, मूल हो म्हणतं. तोंड मिटल्यावर ही दाढ आधी लागते का, चावताना दुखतं का, काहीच करत नसताना, पडल्यापडल्या ठणकतं का, असं विचारा. चावताना दुखतंय आणि रोज थोडं कमी होतंय, तर बहुतेक उतारावर आहे. चावताना दुखतंय आणि कमी होत नाही, तर उंची तपासून घ्या. आपोआप ठणकतंय, रात्री झोपेतून उठवतंय, वाढत चाललंय, तर ते नॉर्मल नाही, फोनवर कुणी काहीही म्हणो. हिरडीवर बारीक पिवळट फोड आला तरी तेच समजा. दुधाच्या दाढेत संसर्ग बऱ्याचदा दोन मुळांच्या मधल्या जागेत उतरतो, म्हणून फोड दाताच्या अगदी जवळच दिसतो.

डॉक्टरांना हेही विचारा की पूर्ण नस काढली की फक्त वरची. लहान मुलांत दोन्ही प्रकार करतात आणि घरी आपण दोन्हीला रूट कॅनॉलच म्हणतो. वरचीच काढली असेल आणि नंतर आपोआप ठणका लागला, तर मुळांतली नसही खराब झालेली असू शकते, मग पुढचं करावं लागतं. ओठाच्या किंवा गालाच्या आत पांढरट चट्टा दिसला, तर बधिर असताना त्याने तिथे चावलंय का ते आठवा. बधिरपणा दोन-तीन तास, कधी जास्तही राहतो आणि मुलं ओठ चघळत बसतात. तो चट्टा पू समजून लोक घाबरतात.

औषधाची माझी चूक वेगळीच होती. मी भीतीने फार कमी देत होते. पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं असतं: एका वेळी दर किलोला 10 ते 15 मिलीग्रॅम, दोन डोसांत किमान 4 तास, आणि 24 तासांत 4 पेक्षा जास्त वेळा नाही. म्हणजे 18 किलोच्या मुलाला एका वेळी 180 ते 270 मिलीग्रॅम. मी 5 मिलीला 120 मिलीग्रॅमच्या बाटलीतून अडीच मिली देत होते, म्हणजे 60 मिलीग्रॅम. त्याने काय होणार? दुसऱ्या बाटलीत 5 मिलीला 250 असतं, म्हणून चमचे मोजण्याआधी बाटलीवरचा आकडा वाचा. अ‍ॅस्पिरिन मुलांना द्यायचंच नाही. लवंगेचं तेल लावू नका, हिरडी भाजते. आणि घरात उरलेलं अँटिबायोटिक तर मुळीच नको. नणंदबाईंनी तेही काढून ठेवलं होतं. उंच भरावाला अँटिबायोटिक काय करणार?

आता त्यांच्या "पडणारच होता" बद्दल. ती शेवटची दुधाची दाढ साधारण 10 ते 12 व्या वर्षी पडते. साडेपाचव्या वर्षी काढली असती, तर पाच-सहा वर्षं तिथे खड्डा राहिला असता. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिच्या मागून सहाव्या वर्षाच्या सुमाराला पहिली पक्की दाढ येते, आणि ती या दुधाच्या दाढेला टेकून जागेवर बसते. पुढची दाढ नसली की ती पुढे सरकते, आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा खाते. दुधाच्या दाताची मुळं पुढे आपोआप विरघळणार असतात, म्हणून त्यांत भरायचं औषधही विरघळणारं वापरतात, मोठ्यांच्या दातात भरतात ते नाही. म्हणजे हा दात पडणार हे गृहीत धरूनच तो उपचार केलेला असतो.

नणंदबाईंच्या धाकट्याची हीच दाढ पाचव्या वर्षी काढली होती, जागा राखायला काही बसवलंही नव्हतं. त्याचा पक्का दात जागा न मिळून जिभेच्या बाजूला आला आणि तेराव्या वर्षी तारा लावाव्या लागल्या. त्या म्हणतात, वळणच तसं आहे त्याच्या जबड्याचं. मी वाद घालत नाही, पण माझ्या मुलाची ती दाढ गेल्या वर्षी आपोआप हलून पडली आणि खालचा दात सरळ वर आलाय.

प्रत्येक दात वाचवायलाच हवा असं मात्र म्हणत नाही. मुळं आधीच विरघळलेली असतील, पू हाडात खोल गेला असेल, किंवा दात थोड्याच महिन्यांत पडणार असेल, तर काढणंच बरोबर. लवकर काढावा लागला, तर जागा राखायचं साधन लागतं का ते विचारा. तुमच्या मुलाला स्टीलची कॅप बसवली असेल, तर माझी उंचीची गोष्ट जशीच्या तशी लागू नाही. ती किंचित उंच असली तरी मुलांचा चावा बहुतेक वेळा काही आठवड्यांत जुळतो आणि डॉक्टर ती घासत नाहीत. तरी दाखवून या.

आणि हे खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं: चेहरा सुजला, ताप आला, तर त्याच दिवशी दाखवा. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे चालली, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वासाला त्रास झाला, तर दाताच्या डॉक्टरांची वाट न बघता थेट हॉस्पिटलात न्या, रात्र असली तरी.