वाचक विचारतात: शाब्रोलचे चित्रपट बघायचे तरी किती?

गेल्या अंकातल्या फ्रेंच नवलाटेवरच्या, म्हणजे १९५०च्या दशकाच्या शेवटी पुढे आलेल्या तरुण फ्रेंच दिग्दर्शकांच्या चळवळीवरच्या लेखात त्रुफो आणि गोदार या दिग्दर्शकांवर पानं होती, पण पत्रं आली ती बहुतेक त्यांचाच साथीदार क्लोद शाब्रोल याच्याबद्दल. त्यातली काही इथे घेतली आहेत.

ताई, ज्याने पन्नासच्या वर चित्रपट काढले तो दिग्दर्शक की कारखानदार? त्याला त्रुफो-गोदारच्या पंगतीला कशाला बसवता? (एक वाचक, नाशिक)

अहो, ती पंगत मांडली कोणी? शाब्रोलचा जन्म १९३०चा, पॅरिसचा. वडील औषधविक्रेते, त्यामुळे पोरानेही तेच करावं अशी घरच्यांची इच्छा. महायुद्धात त्याला फ्रान्सच्या क्रूझ भागातल्या सार्दाँ नावाच्या खेड्यात ठेवलं होतं. तिथे या पोराने गावकऱ्यांना सिनेमे दाखवायला सुरुवात केली. पुढे 'काइए द्यु सिनेमा' या सिनेमाच्या मासिकात समीक्षा लिहिली, हॉलीवूडच्या फॉक्स कंपनीच्या पॅरिस कचेरीत प्रसिद्धीचं काम केलं. मग बायकोला वारसाहक्काने पैसे मिळाले आणि त्यातून त्याने 'ल बो सेर्ज' काढला, त्याच सार्दाँ गावात. साल १९५८. त्रुफोचा पहिला मोठा चित्रपट १९५९चा, गोदारचा १९६०चा. नवलाटेतल्याच रिव्हेतच्या लघुपटाला आणि रोमेरच्या पहिल्या चित्रपटाला हातभार लागला तो शाब्रोलच्या कंपनीचा. गोदारच्या पहिल्या चित्रपटावर तांत्रिक सल्लागार म्हणून नाव लागलं तेही याचंच.

आता कारखान्याचं. १९५९ मध्ये 'ले कुझँ'ला बर्लिन महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, सुवर्ण अस्वल, मिळाला आणि त्यानंतर लवकरच गाडी घसरली. 'ले बॉन फाम' लोकांनी झिडकारला (मला तो फार आवडतो, पण ते असो). मग १९६४ पासून दोन-तीन वर्षं त्याने गुप्तहेरांचे, 'टायगर' नावाच्या नायकाचे चित्रपट केले. ते वाईट आहेत, त्यांची वकिली मी करणार नाही. पण हा माणूस घरी रुसून बसला नाही. छायाचित्रकार जाँ राबिए, संगीतकार पिएर जान्सेन अशी माणसं त्याने जमवली होती आणि १९६८ ते १९७१ या काळात याच मंडळींबरोबर त्याने लागोपाठ असे चित्रपट दिले की दुसऱ्या कोणाची अख्खी कारकीर्द तेवढ्यावर उभी राहिली असती. ती सफाई रोज काम करणाऱ्याच्याच हाताला येते, असं माझं स्पष्ट मत आहे. दहा वर्षांतून एकदा अवतरणाऱ्या प्रतिभावंतांचं आपल्याकडे जरा जास्तच कौतुक होतं.

नवऱ्याला सबटायटल वाचायचा कंटाळा. दोघांनी मिळून बघण्यासारखा एक सांगा. (एक वाचक, कोल्हापूर)

'ल बुशे', १९७०. खेडं दोर्दोन्य भागातलं, त्रेमोला. गावकरीही खरे तिथलेच. सुरुवात लग्नाच्या जेवणाने होते. गावातला खाटीक पोपोल तिथे मांस कापून वाढतो, शेजारी शाळेच्या मुख्याध्यापिका एलेनबाई. जेवण आटोपल्यावर दोघं गावातून चालत निघतात आणि कॅमेरा तुटक न होता त्यांच्याबरोबर चालत राहतो. पोपोल इंडोचायना आणि अल्जेरियाच्या लढायांतून परतलेला आहे. बाई आवडायला लागल्यावर तो वर्गात काय घेऊन येतो? मटणाची तंगडी, फुलांच्या गुच्छासारखी बांधलेली! आणि हा माणूस खरोखर प्रेमळ आहे. तेवढ्यात आसपास बायकांचे खून पडू लागतात. सहलीला गेलेल्या एका मुलीच्या पावावर वरून रक्ताचा थेंब पडतो तो प्रसंग आला की यजमान सबटायटलकडे बघणारच नाहीत.

बाईंच्या भूमिकेत स्तेफान ओद्राँ आहे. ती तेव्हा शाब्रोलची पत्नी होती. घटस्फोट झाल्यावरही तिने त्याच्याकडे कामं केली.

हिंदीतला 'मर्डर' शाब्रोलवरून घेतला म्हणतात. खरं का? आणि मुळात शाब्रोल म्हणजे हिचकॉकची नक्कलच ना? (एक वाचक, डोंबिवली)

शाब्रोलच्या १९६९च्या 'ला फाम अँफिदेल'वरून हॉलीवूडने २००२ मध्ये 'अनफेथफुल' केला आणि २००४चा 'मर्डर' त्या हॉलीवूडपटावर बेतलेला. म्हणजे नातं आहे, पण चुलत. मूळ चित्रपटात नवरा बायकोच्या प्रियकराला शोधून काढतो, त्याच्या घरी सभ्यपणे गप्पा मारतो आणि एकाएकी मारून टाकतो. गंमत पुढे आहे. बायकोला खुनाचा सुगावा लागतो आणि ती पुरावा जाळून टाकते. थंड पडलेलं लग्न खुनामुळे पुन्हा ऊब धरतं. शेवटी पोलीस आल्यावर नवरा बायको-मुलाकडे बघत दूर जातो, तेव्हा कॅमेरा मागे सरकतो आणि त्याच वेळी झूम पुढे येतो. पाय निघाले, मन निघेना, हे संवादाशिवाय कळतं. आपल्या हिंदी मंडळींना वळणं आणि गाणी हवी होती, त्यांनी ती घातली.

हिचकॉक म्हणजे रहस्यपटांचा उस्ताद, आणि शाब्रोल त्याचा भक्तच. रोमेरबरोबर त्याने १९५७ मध्ये हिचकॉकवर पुस्तक लिहिलं. पण खून कोणी केला हे शाब्रोल बहुतेकदा लपवत बसत नाही. खुनानंतरही घरात वेळेवर जेवायला बसलेली माणसं त्याला बघायची असतात.

जेवणाची सोय बघून तो शूटिंगचं गाव निवडायचा म्हणे? (एक वाचक, इंदूर)

हो, आणि हे तोच हसत हसत सांगायचा.

ताई, अभिनेत्री इझाबेल ह्युपेरमुळे मी शाब्रोलकडे वळले. त्यांचा सर्वांत चांगला चित्रपट कुठला? (एक वाचक, पुणे)

दोघांनी मिळून सात केले. १९८८चा 'यून आफेर द फाम' तुम्ही बघितला नसेल तर बघा. गर्भपात केले म्हणून १९४३ मध्ये जिला गिलोटिनखाली मारलं, त्या मारी-लुईझ जिरोच्या खटल्यावर तो आधारलेला आहे. पण एकच निवडायचा तर मी 'ला सेरेमोनी' निवडेन, १९९५चा. ब्रिटनीतलं एक श्रीमंत, सुसंस्कृत घर. तिथे सोफी कामाला लागते. काम चोख, बोलणं बेताचं. तिला लिहिता-वाचता येत नाही, हे ती जिवापाड लपवते. मालकीणबाई टेबलावर चिठ्ठी ठेवून जातात आणि त्या कागदासमोर सोफीचं (साँद्रिन बोनेर) जे होतं ते बघवत नाही. पोस्टातली आगाऊ मैत्रीण म्हणजे ह्युपेर. व्हेनिसच्या महोत्सवात अभिनयाचा पुरस्कार दोघींना विभागून दिला.

शाब्रोल या चित्रपटाला गमतीने शेवटचा मार्क्सवादी चित्रपट म्हणायचा. मालक मंडळी दुष्ट नाहीत, हेच त्यात बोचतं. ती सोफीला चष्मा घेऊन देऊ पाहतात, गाडी शिकवायची तयारी दाखवतात. घरी कामाला बाई असेल तर तिच्याबद्दल पाहुण्यांसमोर आपण कसं बोलतो, हे चित्रपट संपल्यावर आठवून बघा. शेवट इथे सांगत नाही. एवढंच लक्षात ठेवा, की घरात शिकारीच्या बंदुका आहेत आणि घरची मंडळी टीव्हीवर मोझार्टचा ऑपेरा बघत बसली आहेत.