पुण्याहून गोव्याला इलेक्ट्रिक गाडीने जाता येईल का? वाटेत चार्जिंगचं काय?

खुशाल जा. कोल्हापूर-आंबोलीमार्गे पणजी साधारण साडेचारशे किलोमीटर. कंपनी सांगते ती रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी जाईल ते अंतर, विसरा; हायवेला त्याच्या दोन-तृतीयांश धरून चाला. शंभरच्या पुढे काटा गेला की बॅटरी भराभर उतरते, ऐंशी-नव्वदवर गाडी निवांत पळते.

पुणे-कोल्हापूर पट्ट्यात फास्ट चार्जर बरेच आहेत. कराड किंवा कोल्हापूरला जेवायला थांबा, तेवढ्यात गाडीचंही पोट भरतं. ऐंशी टक्क्यांना वायर काढा. पुढचे वीस टक्के फार रेंगाळतात आणि मागे रांग लागलेली असते.

खरी मेख परतीच्या प्रवासात आहे. जाताना आंबोली घाट उतरताना रीजनने (वेग कमी करताना मोटर उलटी वीज तयार करते त्याने) उलट थोडी बॅटरी भरते आणि माणूस खूश होतो. येताना मात्र सावंतवाडीपासून सुमारे सहाशे मीटर चढायचं असतं. आम्ही एकदा पस्तीस टक्क्यांवर निघालो आणि घाटमाथ्यावर पोचेपर्यंत एसी बंद, बायको गप्प! तेव्हा घाटाआधी चार्ज करून घ्याच.

दोन-तीन चार्जिंग कंपन्यांची ॲप घेऊन वॉलेटमध्ये पैसे घरूनच भरा. ॲपवर हिरवा दिसणारा चार्जर कधीकधी बंद निघतो, म्हणून पुढच्या चार्जरपर्यंत पोचण्याइतकी बॅटरी नेहमी राखा. हॉटेल बुक करताना पंधरा अँपिअरचा सॉकेट पार्किंगमध्ये आहे का, तेही विचारा.