पाकिटातलं सूप रोजच्या भाजीत टाकलं तर चालतं का?

चालतं, पण मसाल्याच्या जागी नाही. बहुतेक पाकिटांत मुख्य माल म्हणजे कॉर्नफ्लोअर, साखर, मीठ आणि थोडी वाळवलेली भाजी. त्यानं रस्सा दाट होतो, आंबटगोड होतो. आपल्याकडचा झणका त्यात शोधू नका, तिखट आणि काळा मसाला आपला आपणच टाकायचा.

भेदरं महाग झाली की टोमॅटो सूपचं पाकीट आलू-वांग्याच्या किंवा मुंगवड्यांच्या रश्श्यात छान जमतं. चौघांच्या भाजीला दोन चमचे पुरे. आधी थंड पाण्यात कालवा, भाजी शिजत आली की ओता आणि तीन-चार मिनिटं ढवळत उकळू द्या. गरम रश्श्यात कोरडी पावडर टाकली की गुठळ्या ठरलेल्याच.

मीठ सगळ्यात शेवटी, चाखून. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, आणि पाकिटातलंही त्यातच मोजायचं. घरात बीपीवाले कोणी असतील तर पाकिटामागचा सोडियमचा आकडा वाचाच.

झुणक्यात किंवा आळणात मात्र नको. बेसन तसंही दाट होतं, वरून कॉर्नफ्लोअर गेलं की नुसती खळ! आणि हिवाळ्यात तुरीचे ताजे सोले वावरातून घरी येत असताना त्यांच्यावर पाकिटाची चव कशाला चढवायची?

उरलेली पावडर पावसाळ्यात ओल धरते, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.